पहिल्या चाचणीतला भोपळा

कंपनी वर्गाला पैसे देते ते सुधारणेला. म्हणजे पोरं वर्षाच्या सुरुवातीला ढ निघाली पाहिजेत आणि शेवटी हुशार. मधली उडी कंपनी रंगीत छापून मिरवते. पोरं आधीच हुशार निघाली तर उडी दाखवायची कुठून? म्हणून आमच्या संध्याकाळच्या वर्गाच्या बाई पहिल्या चाचणीआधी पोरांना बजावायच्या, "आज चुकीच्या पर्यायावर खूण करायची बरं का. येत असलं तरी."

देणगी थांबली की वर्गाला कुलूप, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी लाँड्रीत इस्त्री करते. बहीण गेल्यापासून तिची मुलगी माझ्याकडेच. तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण एकदा काम अंगावर घेतलं की ती ते तडीस नेल्याशिवाय सोडत नाही. बाकीच्या पोरांची चुकवता चुकवताही काही उत्तरं बरोबर आलीच. मुंगीनं एकही येऊ दिलं नाही. चक्क भोपळा! घरी येऊन केवढी मिरवली. मीही पोट धरून हसले.

त्याच वर्षी कंपनीनं नवं काढलं. वर्गातल्या एका मुलाचं पुढचं सगळं शिक्षण, वसतिगृहासकट. "मुंगीशिवाय आहे कोण?" बाई म्हणाल्या होत्या. मी तिच्या फ्रॉकला तीनदा इस्त्री केली.

कंपनीचा साहेब लॅपटॉप घेऊन आला. आम्ही पालक पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो. साहेब म्हणाला, "शेवटच्या चाचणीत सगळेच चमकले, ते श्रेय वर्गाचं. म्हणून निवड आम्ही पहिल्या चाचणीवरून केली. शिकवण्याआधीची ती खरी कुवत." आणि त्यानं किराणावाल्याच्या मुलाचं नाव घेतलं. पहिल्या चाचणीच्या दिवशी तो उशिरा आला होता. बाईंची सूचना त्याच्या कानावर पडलीच नव्हती.

मी उठले. "साहेब, हिची परीक्षा परत घ्या. आत्ता, तुमच्यासमोर."

"ताई, आता ती शिकलीय. आता घेऊन काय कळणार?" तो अगदी गोड बोलत होता. "पहिल्या वेळी शून्य आहे हो. डोळे मिटून खुणा केल्या तरी थोडे मिळतात."

"तेच सांगतेय ना! सगळी चुकवायला सगळी यावी लागतात!"

बाकांवर हशा पिकला. साहेबही हसला.

मी बाईंकडे पाहिलं. त्या फरशीकडे बघत होत्या. खरं बोलल्या असत्या तर सगळ्याच पोरांचा वर्ग गेला असता. मग मीच सांगणार, एवढ्यात मुंगीनं माझी बाही ओढली. "मावशी, बाईंचं नाव नको ना घेऊस."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी खाली बसले. साहेबाचा राग आला, बाईंचा आला, आणि त्या गुणी पोरीचा सगळ्यात जास्त आला. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले.

दाराशी बाई पुटपुटल्या, "पुढच्या वर्षी बघू..."

"पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही, बाई."

त्यांना ते माहीत होतं.

घरी आल्यावर मुंगीनं दप्तर न उघडताच कोपऱ्यात ठेवलं आणि ती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "मावशी, मला खरंच येत होतं ना गं?"

"येत होतं की. सगळं येत होतं."

तिनं मान हलवली. पण मी तिची मावशी. मी हो म्हणणारच, एवढं तिला कळत होतं.