बंद कूलरची हवा

महादेवरावांनी टेस्टरचं टोक कूलरच्या पत्र्याला टेकवलं आणि मागून अंगठा दाबून धरला. दिवा लागला नाही. टेस्टरच गेला असेल म्हणून ते हॉलमध्ये गेले, तिथल्या बोर्डात घालून पाहिला, तर लगेच लाल झाला. म्हणजे टेस्टर ठीक होता, घरात लाईन होती, आणि कूलरपर्यंत ती पोचत नव्हती. पोचणार तरी कशी? प्लग तर वर्षभरापासून काढून फरशीवर टाकलेला. तरी ते आतल्या खोलीत परत आले तेव्हा कूलर चालूच होता.

आवाज बारीक होता. व्होल्टेज कमी असलं की पंखा ओढत, कण्हत फिरतो, तसा. दुसऱ्या कोणाला तो ऐकूही आला नसता. पण खापरखेड्याच्या पॉवर हाउसमध्ये या माणसाची तीस वर्षं मशिनींचे आवाज ऐकण्यात गेलेली. कुठल्या बेअरिंगला ग्रीस कमी पडलंय ते जिना चढता चढता सांगायचे. असे कान फसणार कसे? कूलर खिडकीत बसवलेला, पाठ घराबाहेर, तोंड खोलीत. त्या तोंडावर त्यांनी स्वतःच बायकोची, गोपिकाबाईंची, जुनी हिरवी साडी खिळे मारून बसवली होती. तिची खालची किनार जराशी हलत होती. साडीपुढं फरशीवर पोट टेकून टिकली झोपली होती.

टिकली ही गोपिकाबाईंची कुत्री. कपाळावर काळा ठिपका, म्हणून टिकली. मालकीण गेल्यापासून तिनं त्या खोलीत पाय ठेवला नव्हता, आणि आता नवतपा, मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, लागल्यापासून दुपारची तिथून हलायला तयार नव्हती. महादेवरावांनी खाली वाकून साडीपुढं हात धरला. हवा गार होती.

त्यांनी हात झटकन मागं घेतला. कूलर प्लगशिवाय चालतो, हे एक वेळ कोणी मानलं असतं. पण त्या कूलरमध्ये पंखाच नव्हता. मोटर नव्हती. मोटर वर्षभरापासून कपाटाच्या खालच्या खणात, कापडी पिशवीत पडून होती, आणि ही गोष्ट जगात एकट्या महादेवरावांना ठाऊक होती.

झालं होतं ते असं. मागच्या मे महिन्यात मोटर जळली. महादेवरावांनी ती खोलली, वाइंडिंग करून आणली, पिशवीत घालून दाराच्या मागं ठेवली. आता फक्त बसवायची. चार स्क्रू, अर्ध्या तासाचं काम. गोपिकाबाई म्हणाल्या, कोण्या मेकॅनिकले बोलावून घ्या, मले सहन नाही होऊन राहिलं. यावर हे काय म्हणाले? “तीस वर्षं टर्बाइन सांभाळलं मी, अन् आता कूलरले मेकॅनिक बोलावू? उद्या बसवतो.” अशा चार उद्या गेल्या. पाचव्या दिवशी सकाळी ते बसनं काटोलला जुन्या सोबत्याच्या पोरीच्या लग्नाला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा पश्चिमेच्या भिंतीची ती खोली भट्टी झाली होती, आणि बाई पलंगाच्या खाली, थंड फरशी शोधत गेल्यासारख्या, एका कुशीवर पडल्या होत्या.

“दुपारभर लाईन नव्हती,” महादेवरावांनी सगळ्यांना सांगितलं. लेआउटमध्ये, त्या प्लॉटांच्या वस्तीत, लाईन रोजच जायची. कोणी काही विचारलं नाही. मुलगा रोहित पुण्याहून आला, त्यानंही मान हलवली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी महादेवरावांनी मोटरची पिशवी कपाटात लपवली आणि कूलरच्या तोंडावर साडी ठोकली. धूळ नको जायला, म्हणाले.

आणि आता त्या साडीआडून हवा येत होती. भुताखेतांवर महादेवरावांचा काडीचा विश्वास नव्हता. पण गोपिका भूत थोडीच होती. त्यांनी भिंतीवरचा थर्मामीटर काढून आणला. हॉलमध्ये एक्केचाळीस. आतल्या खोलीत, घरातल्या सगळ्यांत तापणाऱ्या खोलीत, पस्तीस. ते तीनदा आत-बाहेर करून आले. शेवटी पलंगाच्या काठावर बसले आणि साडीकडं बघत हळूच म्हणाले,

“काय म्हणतेस वं? सांगून टाक ना एकदाचं.”

टिकलीनं डोळे उघडून त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टिकली अंगणातून केकाटत आली. तोंड फरशीवर घासत होती, आणि बघता बघता तिचं नाक, मग एक डोळा सुजून बंद झाला. शेजारची माया धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात नर्स होती. रात्रपाळी करून घरी आलेली. आवाज ऐकून तशीच धावत आली.

“बर्फ द्या काकाजी. फडक्यात गुंडाळून द्या, नुसता नको.”

“काय चावलं तिले?”

“गांधीलमाशी. पाण्याच्या कटोऱ्यावर बसली असंन, हिनं तोंड घातलं.” मायानं कुत्रीची जीभ पाहिली, छातीवर हात ठेवून श्वास मोजला. “गळा नाही सुजला. तरी डॉक्टरले दाखवून आणू.”

डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. परत आल्यावर माया अंगणात कटोऱ्यापाशी उभी राहिली. आंब्याच्या साली उघड्यावर टाकू नका, पाणी कंपाउंडच्या पार त्या टोकाला ठेवा, माशी अंगावर बसली तर हात झटकू नका, असं सांगता सांगता ती मध्येच थांबली. कटोऱ्याच्या काठावर लालसर-पिवळ्या पाच-सहा माश्या रांगेनं पाणी पीत होत्या. एक उडाली, घराला वळसा घालून मागं गेली. मग दुसरी. माया त्यांच्या मागं गेली, महादेवराव तिच्या मागं. माश्या सरळ कूलरच्या मागच्या, फाटलेल्या वाळ्याच्या ताटीत शिरत होत्या. जाणाऱ्या वेगळ्या, येणाऱ्या वेगळ्या, कुठं धक्काबुक्की नाही.

“घर केलं त्याहिनं कूलरमंदी,” माया म्हणाली. “कितीक असतीन, देव जाणे.”

महादेवरावांना हायसं वाटायला पाहिजे होतं. आवाज माश्यांचा होता, झालं. पण माश्यांनी गुणगुणणं वेगळं आणि पश्चिमेची खोली सहा डिग्रीनं उतरवणं वेगळं. त्यांच्या पाठीवर घाम होता आणि तोच त्यांना गार लागत होता.

“आमच्या ओळखीचा माणूस आहे, काढून देते,” माया म्हणाली. “तो सांजच्याले येईन, मागचा पत्रा खोलन, धूर करन. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“पाहू उद्या.”

“उद्या काहून? शनिवारी रोहितदादा येऊन राहिले ना गुंजनले घेऊन? पाच वर्षांचं लेकरू, काकाजी. आमच्या हॉस्पिटलात मागच्या आठवड्यात एक बाई आणली होती. चांगली धडधाकट बाई, पण तीस-चाळीस चावल्या होत्या.”

“पाहतो म्हटलं ना.”

माया आपल्या घरी गेली. पण ती काही ऐकणारी नव्हती. संध्याकाळी रोहितचा फोन आलाच.

“बाबा, मायाचा फोन होता. तुम्ही काही करू नका. मी शनिवारी आलो का मीच खोलतो कूलर.”

“तुले काय समजते त्यातलं?”

“पत्रा तर खोलता येते ना मले,” रोहित म्हणाला.

महादेवरावांनी फोन ठेवला आणि बराच वेळ कपाटाकडं बघत बसले. पत्रा उघडला की आत पंख्याची रिकामी जागा दिसणार. रोहित विचारणार, मोटर कुठं आहे? कधी काढली? आणि मग त्या पोराच्या तोंडाकडं बघायचं कसं? आई लाईन गेल्यानं गेली, तिथं कोणाचा इलाज नव्हता, असं समजून तो वर्षभर फोन करत होता, औषधं घेतली का विचारत होता. बापाजवळ तेवढंच तर उरलं होतं.

शुक्रवारी दुपारी त्यांनी बेत ठरवला. रोहित यायच्या आत मोटर जागेवर बसवून टाकायची. माश्या असोत नाहीतर वाघ असो. टिकलीला हॉलमध्ये कोंडलं. अंगात रेनकोट, डोक्याला मफलर, हातात प्लान्टातले जुने रबरी हातमोजे, असा अवतार करून, पिशवी नि पाना घेऊन ते घरामागं गेले. लेआउटमध्ये चिटपाखरू नव्हतं. ऊन इतकं पांढरं की भिंतीकडं बघवत नव्हतं. आवाज आता बाहेरूनही ऐकू येत होता, एका सुरात, न थांबता.

त्यांनी ताटी उचकटली.

ज्या लोखंडी पट्टीवर मोटर कसलेली असायची, त्याच पट्टीला पोळं लटकलं होतं. करड्या कागदासारखं, कलिंगडाएवढं. त्यावर माश्याच माश्या, शेकडो, आणि एकही इकडंतिकडं फिरत नव्हती. सगळ्या जागच्या जागी पाय रोवून पंख हलवत होत्या. सगळ्यांची तोंडं एकीकडं. बाहेरून माश्या येत, तोंडातला पाण्याचा थेंब पोळ्यावर ठेवत, आणि पुन्हा पाण्याला जात. थेंब पसरे, बाकीच्या वारा घालत, आणि ओली गार हवा साडीकडून खोलीत जाई.

महादेवरावांना एका नजरेत सगळं कळलं. तीस वर्षं हेच तर केलं होतं त्यांनी, पाणी, हवा, तापमान. आत पोळ्यात अंडी असतील, पिल्लं असतील, राणी असेल. ती उन्हानं मरू नये म्हणून हे चाललं होतं. कोणी कोणाला दोनदा सांगत नव्हतं. कोणी उद्यावर टाकत नव्हतं.

एक माशी उडून त्यांच्या गालावर बसली. ते हलले नाहीत. ती डोळ्याखालून चालत ओठापर्यंत आली, तिथं थांबली. डंख बसेल म्हणून ते वाट पाहत राहिले. खरं सांगायचं तर बसावा असं त्यांना फार वाटत होतं. ती तिथलं खारं पाणी प्याली आणि आत निघून गेली. तिच्या मागून दुसरी आली, तीही तेवढंच करून गेली. पोळ्यावरच्या एकाही माशीनं पंख थांबवून त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. महादेवरावांनी ताटी होती तशी लावली. पिशवी उचलून घरात आले, रेनकोटसकट पलंगावर बसले आणि रोहितला फोन लावला.

“बोला बाबा. सामान भरून राहिलो आम्ही.” मग त्यानं विचारलं, “आवाज येऊन राहिला मागून. कूलर सुरू केला का तुम्ही?”

हो म्हणणं सोपं होतं. पोरानं स्वतःच हातात आणून दिलं होतं.

“नाही गा,” महादेवराव म्हणाले. “कूलरमंदी मोटरच नाही. वर्षापासून नाही. त्या दिवशी लाईन गेली नव्हती, रोहित.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. चार स्क्रू, चार दिवस, मेकॅनिक नको म्हटलं ते. काटोलच्या बँडबाजात तिचे दोन फोन ऐकू आले नाहीत, बसमध्ये दिसले, तरी घरीच तर चाललो म्हणून उलट लावला नाही, तेही सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

“माहीत आहे मले,” रोहित म्हणाला.

“कोणं सांगितलं?”

“आईनं. दीड वाजता तिचा फोन आला होता.” त्याचा आवाज अगदी सपाट होता. “म्हणे, लाईन आहे, पण कूलरची मोटर बसवलीच नाही, जीव घाबरून राहिला, तुझे बाबा फोन उचलून नाही राहिले. मायाच्या घरी नाहीतर कोणाच्या तरी घरी फोन कर, कोणाले तरी पाठव. मी मीटिंगमध्ये होतो, बाबा. म्हटलं, अर्ध्या तासात करतो. मग राहूनच गेलं.”

महादेवरावांनी एका हातानं रेनकोटची बटणं काढायला घेतली.

“मग तुम्ही सगळ्याईले सांगितलं, लाईन गेली होती म्हणून,” रोहित म्हणाला. “मले तेव्हा किती बरं वाटलं होतं, बाबा.”

पलीकडं गुंजन कुठली तरी बाहुली घेऊ का म्हणून विचारत होती. महादेवरावांनी मफलर सोडून मांडीवर ठेवला. फोन दोघांनीही ठेवला नाही.