सावल्या आखूड करणारी बाई

“उठा वहिनी. मला पुढचं बघायचं नाही,” नणंद म्हणाली आणि मध्यंतराचे दिवे लागायच्या आधीच पर्स काखेत मारून उभी राहिली.

टेलरकाकू उठल्या. पुढच्या रांगेतलं अख्खं कुटुंब नाकं मुरडत बाहेर निघालं होतं, आणि मागे दोन पोरी पोट धरधरून हसत होत्या. एकाच सिनेमाला इतके हसणारे आणि इतके वैतागणारे लोक काकूंनी आजवर पाहिले नव्हते. एरवी त्यांना गंमत वाटली असती. पण हा सिनेमा त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या कादंबरीवरून काढलेला होता.

नवरा बिलं भरायच्या खिडकीवर कारकून होता. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि संध्याकाळी बायकोच्या दुकानात, कापायच्या टेबलाच्या एका टोकाला बसून लिहायचं, हा त्यांचा जन्माचा क्रम. दुसऱ्या टोकाला काकू लोकांच्या पँटी आखूड करायच्या. मध्ये वायरीला लोंबणारा एकच दिवा. अशा बैठकीतून एकुलती एक कादंबरी निघाली, तीही अशी अचाट की विचारू नका. एका गावात हुकूम निघतो, कुणाची सावली त्याच्या हुद्द्यापेक्षा लांब असता कामा नये. साहेबाची गल्लीभर चालेल, कारकुनाची गुडघ्याएवढी. आणि चौकात एक शिंपीण बसवतात. रांगेत येईल त्याची सावली ती कात्रीनं आखूड करते. काकूंनी दहा-वीस पानं वाचून डोकं धरलं होतं. अहो, जरा खरं काहीतरी लिहा की, असंही म्हणाल्या होत्या. त्यावर ते नुसते हसले होते.

आज पडद्यावर त्या शिंपिणीनं मान वर न करता “पुढे या” म्हटलं, आणि काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. गिऱ्हाइकाला त्या रोज असंच म्हणत. शिंपिणीसमोर आला तो तिचाच नवरा. कात्री वाजली, पडदा काळा झाला आणि मध्यंतर झालं.

घरी येईपर्यंत नणंदेचं तोंड चालू होतं. दादानं बढती नाकारली, कारण बदली झाली असती आणि वहिनींचं दुकान इथं. दादाचे मित्र यायचे बंद झाले, कारण कापडांच्या गठ्ठ्यांत त्यांना बसायला जागा कुठली. मी काही म्हणत नाही, असं दर चार वाक्यांनी म्हणत तिनं सगळं म्हणून घेतलं. जाताना मात्र दारात थांबली. “त्याच्या मनात एवढं साचलं होतं वहिनी, आणि आपल्याला पत्ता नाही.”

काकूंना झोप लागली नाही. माझ्यामुळे हा माणूस खुजा राहिला का? जन्मभर समोर बसून ह्यानं हेच पाहिलं का, की ही बाई मला कापते आहे? पुस्तक कपाटात होतं. शेवटचं पान उघडायचं की झालं. पण हात पुढे जाईना. पुस्तकात ते एकटे बोलणार आणि ऐकायला ह्या एकट्या. सिनेमात निदान चार माणसं सोबत असतात.

मग त्यांनी गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली, शेवटी त्या शिंपिणीचं काय होतं म्हणून. समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर मुलाची नवी पँट आखूड करायला घेऊन आला होता. तो म्हणाला, डोक्याला ताप नुसता, शेवटी सगळे उलटे चालतात. त्याची बायको म्हणाली, उलटे कुठले, तुम्ही घोरत होतात, शेवटी सावल्या उडून जातात. शाळेतल्या बाई सिनेमा दोनदा बघून आल्या होत्या. असा सिनेमा आपल्याकडे आजवर झालाच नाही, म्हणाल्या, ती शिंपीण म्हणजे हुकमाची ताबेदार माणसं, आणि शेवट खुला आहे. खुला म्हणजे काय, ते काकूंना कळलं नाही. एकानं तर तिला फाशी दिली.

“हिरवा दोरा कशाला काकू? पँट काळी आहे,” कंपाउंडर म्हणाला.

“आतून आहे, दिसत नाही. पोरगं वाढतंय. कापड कापायचं नाही, दुमडून टाके घालायचे. उसवताना हिरवा पटकन सापडतो.”

गुरुवारी दुपारी काकूंनी दुकानाला कुलूप लावलं आणि एकट्या जाऊन बसल्या. थिएटरात मोजकी डोकी. मध्यंतर आलं, दिवे लागले, पुन्हा गेले. काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

नवा साहेब आला आणि हुकूम फिरला. आता म्हणे ज्याची सावली आखूड त्याला गावात जागा नाही. लोक शिंपिणीच्या दारावर धडका मारू लागले. आमच्या सावल्या कापल्यास, आता आण परत. शिंपीण बाहेर आली, पहिल्या माणसाच्या पायाशी वाकली, सावलीची कड उलटी केली आणि एक दोरा ओढला. सावली घडी मोडून रस्ताभर पसरली. काळ्याभोर सावलीवर मोठमोठे टाके होते, हिरवे.

“म्हणजे कापलंच नव्हतं?” मागून कुणीतरी म्हणालं.

“काहीही दाखवतात,” दुसरा म्हणाला आणि उठून गेला.

काकूंना दोघांचंही धड ऐकू आलं नाही. तो दोरा आत असतो, एखादं गिऱ्हाईक विचारतं आणि विसरून जातं. तो रोज पाहणारं माणूस जगात एकच होतं, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला.

रांगेत सगळ्यांत शेवटी शिंपिणीचा नवरा उभा होता. ती वाकली, कड चाचपू लागली. दोरा सापडेना. पुन्हा पुन्हा चाचपलं.

“अहो, तुमची आखूड केलेली दिसत नाही.”

“माझी मुळात एवढीच होती,” नवरा म्हणाला. “तू नुसती कात्री वाजवलीस.”

काकू हसल्या. इतक्या मोठ्यानं, की पुढच्या माणसानं मागे वळून “श्श्” केलं. मग त्यांनी पदर तोंडावर धरला आणि दिवे लागेपर्यंत रडून घेतलं.

संध्याकाळी कंपाउंडर पँट न्यायला आला. तुम्ही बघून आलात म्हणे, मग शेवटी काय होतं ते सांगा एकदाचं, म्हणाला. न झोपता बघा, काकू म्हणाल्या, आणि पँट कागदात गुंडाळून दिली.

तो गेल्यावर त्यांनी टेबलाच्या पलीकडच्या टोकावरचे गठ्ठे एकेक करून उचलले. ते गेल्यापासून तिथं कापडच साठत गेलं होतं, आणि दिवाही काकूंनी ओढून आपल्याकडे घेतला होता. आता स्टुलावर चढून त्यांनी दिव्याची वायर जुन्या खिळ्याला, मधोमध अडकवली. दिवा पूर्वीसारखा टेबलाला टेकेलसा खाली लोंबू लागला.

पलीकडच्या भिंतीवर त्यांच्या रिकाम्या खुर्चीची सावली पडली. चांगली छतापर्यंत गेली होती. काकूंनी ती बघितली, आणि मग पुढची पँट घेतली.