सासऱ्यांची चाल

ठेकाताईंच्या वर्गात जिभेआधी पाय चालायचे. पद्धत साधी: जमिनीवर खडूची रेघ, हातात डफली आणि शब्दाच्या प्रत्येक अक्षराला एक पाऊल. पा-णी, दोन पावलं. बा-हु-ली, तीन. बोलायचं वय उलटून गेलेली लहानगी मुलं तिथं यायची. त्यांच्या आया भिंतीला टेकून कुणाला किती वाचा फुटली याचा अंदाज घेत बसायच्या. सांत्वन तोंडावर, तुलना मनात.

एका आईला तुलनेत रस नव्हता. तिला एकच शब्द हवा होता. चार वर्षांच्या लेकीनं तिला अजून ‘आई’ म्हटलं नव्हतं. आजोबा होते तोवर पोर त्यांच्या मागंमागं फिरत काहीतरी पुटपुटायची. ते गेले आणि तेही बंद झालं.

“आ-ई,” ताईंनी दोन थापा दिल्या. मुलगी निघाली. उजवा पाय टेकला, डावा फरफटत आणला. ठक, घसर्र.

“असं नाही गं. सरळ चाल, सैनिकासारखी.”

मुलगी थांबली. उघडू पाहणारे ओठ मिटले.

दर तासाला हेच. ताईंनी हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं. पाय ठणठणीत निघाले.

“घरी कुणी लंगडतं का हो?”

“नाही,” आई म्हणाली. खोटं नव्हतं. आता कुणी लंगडत नव्हतं.

सासऱ्यांची डावी बाजू अर्धांगानं गेली होती. पॅसेजमधून ती चाल स्वयंपाकघराकडे येऊ लागली की ही हातातलं काम टाकून उभी राहायची, कारण चालीमागून हुकूम यायचा. ते गेले तेव्हा ती चारचौघांसारखी रडली आणि मग दार लावून गाढ झोपली. पण भरदुपारी, घरात दोघीच असताना, चाल पुन्हा ऐकू येऊ लागली. ती नळ मोठा सोडायची. मागं वळून कधी पाहिलं नाही. ती चाल लेकीची, हे तिला वर्गात कळलं, आणि तरी तोंडून ‘नाही’च निघालं.

वर्गातल्या एका मुलानं एके दिवशी स्पष्ट ‘आई’ म्हटलं, तेव्हा मात्र तिनं सांगून टाकलं. “ताई, ही माझ्या सासऱ्यांची चाल आहे.”

“मग आधी नाही का सांगायचं? तिची वाचा त्याच चालीनं आली होती वाट शोधत, मीच दार लावत होते.” ताईंनी डफलीचा ठेका बदलला: एक थाप, मग बोटं कातड्यावरून घासत. मुलीनं मान वर केली. “हेच घरी करा. तुम्ही पुढं, ती मागं.”

“मी लंगडू?”

“मग काय, शेजारीण येणार लंगडायला?”

दुपारी पॅसेजमध्ये तिनं उजवा पाय टेकला, डावा ओढला. मागून तसंच पाऊल आलं. ठक, घसर्र. ती थांबली नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी मागून आवाज आला.

“सून-बाई.”

घसर्र.

“पा-णी.”

हुकूम तोच, हेल तोच. आवाज मात्र लेकीचा. ‘आई म्हण’ असं तिच्या ओठांवर आलं. पण सैनिकासारखं चालायला सांगितल्यावर मिटलेले ते ओठ तिला आठवले.

“आणते, बाबा,” ती म्हणाली, आणि माठाकडे निघाली. डावा पाय सरळ टाकायचं भानच राहिलं नाही.