राहिलेलं चौथं शील

आमच्या घरात सकाळी सहाला पंचशील होतं. मी अगरबत्ती लावून एकेक शील सांगते, घरचे मागून म्हणतात. हे चटईवर बसतात, स्वप्नाली खुर्चीवर. तिला आता खाली बसवत नाही.

स्वप्नाली आमची एकुलती एक, सत्तावीस वर्षांची. कॅम्प चारच्या वस्तीत जीन्सच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. दोन वर्षांपूर्वी बोटांचे सांधे सुजायला लागले. आता सकाळी मूठ वळत नाही, वेणी मी घालते. गोळ्या झाल्या, स्टेरॉइड झालं. शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शन ठरवलं.

"शरीरात टीएनएफ नावाचं एक प्रथिन असतं," त्यांनी समजावलं. "ते रोगाशी लढणाऱ्या पेशींना हाक मारतं. हिच्या सांध्यांत ते विनाकारण हाका मारत सुटलंय. इंजेक्शन त्याला गप्प करतं. पण कुणाच्या अंगात टीबीचे जुने जंतू झोपलेले असले, तर त्यांच्याभोवतीचा पेशींचा पहाराही याच हाकेवर उभा असतो. हाक थांबली की पहारा उठतो. हिची तपासणी निगेटिव्ह आहे, पण स्टेरॉइड चालू असताना ती चुकू शकते. म्हणून विचारतो, घरात कुणाला टीबी झाला होता?"

"छे!" हे म्हणाले. "तेहतीस वर्षं ऑर्डनन्स फॅक्टरीत काढली साहेब. आमच्या घरात असलं काही नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला आणि गप्प बसले.

झाला होता. मला. स्वप्नाली दोन वर्षांची असताना. माझ्या थोरल्या जावेला याच आजारावरून सासूबाईंनी माहेरी पाठवलं होतं, ती परत आलीच नाही. म्हणून मी आधीच बदलापूरच्या पुढे माहेर गाठलं. आईने आपला पाय मोडल्याचा खोटा निरोप सासरी धाडला. आठ महिने मी गोळ्या खाल्ल्या. हे रविवारी यायचे, तेव्हा आई पायाला पाला बांधून खाटेवर पडायची. यांनी तिला अंबरनाथच्या बाजारातून काठी आणून दिली होती. खोकला लागल्यापासून गोळ्या सुरू होईपर्यंत दोन महिने पोर माझ्या कुशीतच झोपायची.

इंजेक्शन शनिवारी आणून फ्रिजमध्ये ठेवलं. रविवारी सकाळी घ्यायचं होतं.

त्या सकाळी मी तिसरं शील सांगितलं आणि तोंडातून एकदम पाचवं आलं.

"आई, चौथं राहिलं," स्वप्नाली म्हणाली.

"तूच म्हण."

"तू सांग ना. रोज तूच सांगतेस."

हे हसले. "म्हातारी झाली गं तुझी आई. पोरगी बरी होणार म्हणून खोटं न बोलायचं शीलच विसरली!"

स्वप्नाली उठली. फ्रिजमधून डबी काढून ओट्यावर ठेवली. अर्धा तास बाहेर ठेवायची होती. मी तिच्यामागे गेले आणि डबीवर हात ठेवला.

"आत ठेव. हे आज घ्यायचं नाही."

"का?"

मी सांगितलं. हळूच बोलले, तरी दारापर्यंत ऐकू गेलं असणार, कारण मागे वळले तर हे तिथे उभे होते.

"म्हणजे तुझ्या आईचा पाय मोडलाच नव्हता?"

"नाही."

"मी काठी आणली. त्यांनी ती टेकत मला चालून दाखवलं."

ते चपला घालून बाहेर गेले.

स्वप्नालीने डबी आत ठेवली. डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. नंबर दाबताना तिचा अंगठा वाकत नाही. मी लावला, आणि सगळं मीच बोलले. डॉक्टर म्हणाले, आधी टीबीच्या प्रतिबंधाच्या गोळ्या, निदान महिनाभर. मग इंजेक्शन.

"अजून महिनाभर हेच हात," ती म्हणाली. मग, "तू दवाखान्यात गप्प बसलीस, आई. माझ्यासमोर."

"हो."

तिने कंगवा माझ्या हातात दिला आणि पाठ करून बसली. मी वेणी घातली. रोज ती कारखान्यातल्या जुन्या गमती सांगते. त्या दिवशी नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला मी अगरबत्ती लावली. हे आले, पण चटईवर नाही, दाराशी बसले. मी चौथं शील सांगितलं आणि थांबले. जरा वेळाने स्वप्नालीचा आवाज आला. यांचा आला नाही. पाचव्याला आला.

मी रोज चौथ्यापाशी थांबते.