निळ्यांमधली गुलाबी

मी एक ब्लूबॉनेट बोलतेय. नावाचा अर्थ निळं टोपडं, आणि मी आहे गुलाबी. म्हणजे जन्मापासूनच नावाला बट्टा. आमच्या टेक्सासात वसंतात माळ, कुरणं, रस्त्यांच्या कडा, जिकडे पाहाल तिकडे निळंच निळं. अधूनमधून एखादी पांढरी निघते. गुलाबी मात्र क्वचितच. असं का, हे विचारायची मला फार हौस, पण विचारणार कुणाला? आमच्यात आई आणि लेक भेटतच नाहीत. आई उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळते आणि लेक पानगळीत उगवते.

माझ्या कुळाची जी काही माहिती आहे, ती मी एल्नाच्या तोंडून ऐकली. ज्यांच्या थडग्यावर मी उगवले, त्या एमिलची ती बायको. रोज सकाळी घडीची खुर्ची घेऊन येते आणि नवऱ्याशी गप्पा मारत बसते. एमिलना त्यांच्या कुरणात, नदीच्या अंगाला, एकदा एक गुलाबी झाड दिसलं. त्यांनी भोवती काटेरी तार ठोकली, गाई हाकलल्या आणि शेंगा वाळल्यावर बी कॉफीच्या डब्यात भरून ठेवलं. मग दर वर्षी पेरायचे आणि जपायचे. ते गेले आणि कुरणही विकलं गेलं. डब्यात उरलेलं बी एल्नानं इथं टाकलं. काही मुंग्यांनी नेलं, काही पाखरांनी टिपलं. उगवले मी एकटी.

"तुझे बूट आहेत घरात, हॅट आहे," एल्ना त्यांना सांगत होती. "पण ते काही वाढत नाहीत, एमिल. वाढतेय ती ही एवढीच."

तेव्हा मला कळलं की मला शेंग धरली नाही, तर एमिलची गुलाबी संपली.

कुणीतरी एल्नाच्या डोक्यात भरवलं की मधमाश्या निळ्यांचे पराग आणतात आणि गुलाबीची लेकरं निळी निपजतात. झालं. तिनं पदर खोचावा तशा बाह्या सरसावल्या आणि माझ्या आजूबाजूची एकूण एक निळी उपटली. शेजारी सासूचं थडगं होतं, तेही सोडलं नाही. मग चार काठ्या रोवून माझ्यावर जुना जाळीचा पडदा टाकला.

रविवारी चर्च सुटल्यावर हर्टा आली. ही एमिलची धाकटी बहीण.

"वहिनी, आईवरची फुलं कुठं गेली?"

"उपटली."

"उपटली? आई होती तेव्हा तिच्या बागेत पाऊल टाकायची तुझी टाप नव्हती."

"म्हणून तर आता टाकलं."

हर्टाला रागही आला आणि हसूही. "आणि ही मच्छरदाणी कशाला?"

"मधमाश्या नकोत. ह्यांची गुलाबी गुलाबीच राहिली पाहिजे."

मला विचाराल तर मला मधमाशी बघायची होती. नुसता आवाज यायचा, पडद्याला धडकायचा आणि निघून जायचा. आमच्या प्रत्येक फुलावर एक पांढरा टिळा असतो. फूल शिळं झालं की तो लाल होतो, मग मधमाशी तिकडे फिरकत नाही. माझे टिळे खालून एकेक लाल होत चालले होते. कुंपणापलीकडे लोक पोरांना नटवून निळ्यांत बसवत, फोटो काढत. "हस जरा, बाळा. साप नाहीये तिथं," असं म्हणत, आणि सगळे आधी पायाखाली बघत. माणसांची मला मोठी गंमत वाटते.

एक दिवस हर्टा खाली वाकून मला निरखू लागली.

"वहिनी, इकडे ये. कुंपणाजवळच्या निळ्या शेंगांनी लगडल्यात. हिच्या अंगावर एक शेंग नाही."

एल्ना कुंपणापर्यंत जाऊन बघून आली.

"मीच केलं ना गं हे?"

"हो. आता पडदा काढ."

"आणि निळी झाली तर?"

"झाली तर झाली. काहीच नसण्यापेक्षा बरं."

पडदा एल्नानंच काढला. माझ्या शेंड्यावर थोडे पांढरे टिळे अजून शिल्लक होते. दुपारी मधमाशी आली. एवढी जड असेल असं मला वाटलं नव्हतं. तिच्या पायांना निळ्यांच्या परागांची केशरी भुकटी होती, आणि जाताना तिनं माझीही नेली. मला चार शेंगा धरल्या.

त्या अजून हिरव्याच होत्या आणि दफनभूमीच्या सफाईचा दिवस उजाडला. वर्षातून एकदा सगळी घराणी जमतात. बाप्ये गवत कापतात, बायका ओकच्या झाडाखाली सॉसेज, बटाट्याचं सॅलड आणि पीचची गोड पाई मांडतात. गवत कापायचं यंत्र घेऊन एकजण माझ्यापर्यंत आला, तर वाटेत एल्नाची खुर्ची.

"काकू, जरा सरका."

"नाही सरकत."

"अहो, वाळायला आलेलं झाड आहे ते."

"मीही वाळायलाच आलेय. वळून जा."

तो हर्टाकडे बघू लागला. तिनं आपली ताटली उचलली आणि वहिनीच्या शेजारी गवतातच बसकण मारली. तो मुकाट्यानं वळून गेला.

काल कडक ऊन पडलं आणि माझ्या शेंगा ताडताड तडकल्या. बिया दूरवर उडाल्या. एक एल्नाच्या मांडीवर पडली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली. राखाडी खडाच तो, आतला रंग तिला काय कळणार आणि मला तरी काय कळणार? तिनं ती अंगठ्यानं मातीत दाबली.

आता मी वाळलेय, एखाद्या वाऱ्यानं मोडेन. एल्ना, उगवतील त्या बहुतेक निळ्याच असतील. पण निळ्यांच्या पोटी कधीतरी पुन्हा गुलाबी निघते म्हणतात. तेव्हा तू खुर्चीत बसलेली असशील की एमिलशेजारी निजलेली असशील, मला ठाऊक नाही. म्हणून तुला एवढंच मागते, यातली एकही उपटू नकोस, आणि हर्टालाही सांगून ठेव.