दुसऱ्या आज्ञेची आखणी

रोह्याच्या त्या प्रार्थना मंडळीत निराकार देवाखेरीज कुणालाही थारा नव्हता. तसा तो फार कुणाला देणं शक्यही नव्हतं, कारण खोली दहा बाय बाराची आणि कोपऱ्यात घरमालकाच्या भाताच्या गोणी. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. पाळक हैबतरावांनी भिंतीवरचं धबधब्याचं कॅलेंडरही उतरवलं होतं. धबधब्याला त्यांची हरकत नव्हती. तारखांखाली संकष्टी छापलेली होती.

पुंडलिक दोन वर्षं दाराशी, चपलांशेजारी बसत होता. जागा कुणी नेमून दिली नव्हती. पण तो पुढे सरकला की शेजारचाही थोडा दूर सरकायचा. तो पेणजवळच्या जोह्याचा, गणपती घडवणाऱ्यांच्या गावचा, आणि पंचवीस वर्षं त्यानं गणपतींचे डोळे आखलेले. अंगाला रंग कुणीही देतो. डोळ्याची रेघ मात्र श्वास रोखून, एका दमात ओढावी लागते. त्याच्या मूर्तीबद्दल व्यापारी म्हणत, "कुठूनही बघा, आपल्याकडंच बघतो." येशूला मानल्यावर त्यानं ब्रश खाली ठेवला. बायको सगुणा दिराबरोबर घरच्या मूर्तींच्या कारखान्यातच राहिली. तो रोह्याला येऊन एका कंपनीत वॉचमन झाला. रविवारचे दोन तास सोडले, तर त्याच्याशी बोलायला गेट होतं.

मग हैबतरावांच्या मनात आलं, रिकाम्या भिंतीवर बायबलमधल्या दहांपैकी दुसरी आज्ञा लिहून घ्यावी. मूर्ती करू नका, तिच्या पाया पडू नका, एवढंच, मोठ्या अक्षरांत.

"तुझा हात बसलेला आहे म्हणतात," ते पुंडलिकला म्हणाले.

"बसलेलाच होता साहेब. दोन वर्षं."

त्यानं निळ्या ऑइल पेंटनं अक्षरं काढली आणि शून्य नंबरच्या ब्रशनं त्यांना काळी कड दिली. शेवटच्या अक्षराला त्यानं श्वास रोखला. सवयीनं.

रविवारी मंडळी आत आली आणि गप्प झाली. कुणीतरी त्याला "पुंडलिकभाऊ" म्हणालं. त्याला पुढच्या सतरंजीवर बसवलं. मंडळीतल्या धोंडुबाईनं जेवायला बोलावलं, वर बोंबलाचा दुसरा तुकडा वाढला. त्या आठवड्यात त्याला तीन घरचं जेवण मिळालं. माणूस काय, सुखावतोच.

दुसऱ्या रविवारी धोंडुबाई आत आली, अक्षरांखाली भिंतीला हात लावला आणि तो डोळ्यांना लावला. तिसऱ्या रविवारी सगळेच लावत होते. कॅलेंडरच्या खिळ्याला शेवंती अडकवलेली. पूर्वी प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले असत. आता उघडे होते, आणि एकाच जागी.

पुंडलिकनं हैबतरावांना बाजूला घेतलं. "साहेब, हे बरं नाय."

"आदर आहे तो. पूजा नव्हे."

"दोन्हीतला फरक मला कळतो साहेब. माझं पोट त्याच्यावरच चाललेलं."

"वचनाचा आदर तुला खुपतो?"

पुंडलिक परत फिरला. पुढच्या सतरंजीवर बसला. ती मऊ होती.

चौथ्या रविवारी धोंडुबाई त्याच्याशेजारी टेकली आणि कौतुकानं म्हणाली, "काय लिवलंयस रे बाबा! कुठनं पन बघ, आपल्याकडंच बघतंय."

त्या दिवशी त्यानं जेवणाचं बोलावणं नाकारलं.

शनिवारी पहिली शिफ्ट संपल्यावर त्यानं प्रार्थनेच्या खोलीत पांढऱ्या डिस्टेंपरचा डबा नेला. पहिल्या हाताखालून निळं दिसत राहिलं. त्यानं दुसरा हात दिला, मग तिसरा. खिळाही उपटला.

"कुणी केलं हे?" रविवारी हैबतरावांनी विचारलं.

"मी."

"देवाचं वचन पुसलंस?"

"वचन नाय साहेब. डोळे पुसले."

"भिंतीला कुठले रे डोळे?" धोंडुबाई रडत होती. "माझ्या हातचं खाल्लंस ना मेल्या?"

मागून कुणीतरी म्हणालं, "जोह्याचाच शेवटी." हैबतरावांनी त्याला दारापर्यंत सोडलं. "थोडे दिवस येऊ नकोस. मंडळी शांत होऊ दे."

संध्याकाळी त्यानं सगुणाला फोन लावला.

"काय गो, बरी हायस?"

"हाय. भावोजी डोळे आखतायत. गणपती झोपलेत जसे. येतोस काय?"

"नाय गो."

"तिथं तरी कोण हाय तुझं?"

त्यानं सकाळी काय झालं ते सांगितलं.

"मग रविवारी काय करशील?"

"ड्युटी मागून घेईन."

पण पुढच्या रविवारी ड्युटी दुसऱ्याला लागलेली निघाली. दहाच्या सुमाराला तो त्या गल्लीत जाऊन पलीकडच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला. आतून ओळखीचं गीत येत होतं. त्यानं खालच्या आवाजात साथ दिली, डोळे मिटून. शेवटचं कडवं संपल्यावर त्यानं डोळे उघडले. खिडकीतून समोरची भिंत दिसत होती.

अक्षरांचा फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये होता. त्याचा पेणहून फ्लेक्स छापून आणून तिथं टांगला होता, सहा बाय चारचा. खालच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचा फोन नंबर होता.