हॉल्बर्टला वाट दाखवली ती मी

मी होडी बोलतेय. उंडीच्या खोडातून तेआगाईनं मला कोरलं, काथ्यानं बांधलं आणि त्याच वर्षी माझ्यात बसून दक्षिणेला दोन दिवसांवरचं एक ओसाड बेट शोधून काढलं. तारे त्याला घरच्या माणसांसारखे ओळखीचे.

मग हॉल्बर्ट नावाचा गोरा कप्तान गलबत घेऊन आला. तेआगाई माझ्यातून नारळ द्यायला गेला. कप्तानानं त्याला वर घेतलं, फळीवर खडे मांडून आसपासची सगळी बेटं दाखवायला लावली आणि एकदम शिडं उभारली. माझा दोर कापून टाकला.

मी रिकामी किनाऱ्याला लागले. त्याची बहीण वाएलेई माझ्यावर ओरडली, "एकटी आलीस? लाज नाही वाटली?"

ते मला अजून बोचतं.

अकरा वर्षं ती माझ्यातूनच मासेमारीला जायची, आणि रोज शिव्याही मलाच द्यायची.

मग हॉल्बर्ट परत आला. दाढी पिकलेली, गलबतावरचं पिण्याचं पाणी संपलेलं. लेओता नावाचा त्याचा खलाशी, सामोआ बेटांवरचा पण आमची भाषा येणारा, कठड्यावरून वाकून म्हणाला, "ताई, बेटाभोवतीच्या खडकांतून आत यायची वाट दाखव. कप्तान लोखंडी कुऱ्हाड देईल."

"आधी विचार त्याला, माझ्या भावाचं काय केलं?"

लेओतानं विचारलं. मग खाली बघत म्हणाला, "आठवत नाही म्हणतो. असे पुष्कळ जण नेले."

"बरं," वाएलेई म्हणाली. "या माझ्या मागून."

तिनं मला खऱ्या वाटेच्या डावीकडं वळवलं. तिथं खडक पाण्याखाली जेमतेम हातभर होता. मी पानासारखी वरून सरकले. मागं गलबताचं पोट फाटलं. इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

माणसं वाचली. वाएलेईनंच गावाला होड्या काढायला लावल्या. "मेला तर सुटेल तो," ती म्हणाली.

सात महिने हॉल्बर्ट तिच्याच हातचे कंद खात किनाऱ्यावर बसला. दुसरं गलबत आलं नाही. शेवटी लेओताला घेऊन तो तिच्यापुढं गुडघ्यावर बसला.

"होडी दे म्हणतो, ताई. शेजारच्या बेटाची दिशा सांग."

"ती माझ्या भावाला ठाऊक. त्यालाच आठवून विचार म्हणावं."

पुढच्याच महिन्यात तो तापानं गेला. समुद्राकडं तोंड करून पुरा, असं विनवून गेला होता. वाएलेईनं पाठ समुद्राकडं करून पुरलं.

तीही आता नाही. माझा तळ कुजलाय. नवे पाद्री माझ्या सावलीत बसून पोरांना क्षमेचे धडे देतात. मला फोडा, खुशाल चुलीत घाला. पण बाबांनो, तो धडा मला शिकवू नका.